‘ळ’चा तपास

रहस्यकथांचे वेड आमच्या पिढीला लावले ते बाबूराव अर्नाळकरांनी. हजारावर पुस्तके लिहिणारा हा माणूस. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, त्यांचे धनंजय आणि छोटू ही सारी मंडळी आमच्या घरी भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटात लपून राहत असत. या कथांतले हेर शहराचे राजे. कोणती गल्ली कुठे निघते, कोणत्या चाळीला मागून जिना आहे, हे त्यांना पाठ. पण हाच हेर परक्या शहरात उतरला, जिथली भाषा त्याला येत नाही, लिपी वाचता येत नाही, रस्त्याचे नाव विचारले तर माणसे दोन वेगवेगळी नावे सांगतात, तर त्याने काय करावे? हा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नाही. पडला तो १९८५ साली, कचेरीने माझी बदली कलकत्त्याला केली तेव्हा. आणि तेव्हा तो वाचकाचा प्रश्न राहिला नव्हता.

गुन्हा म्हणाल तर कुठलाच नव्हता. एक माणूस हरवला होता, आणि त्याला बेचाळीस वर्षे झाली होती.

माझ्या आईला एकच भाऊ. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. आजोबांशी कशावरून तरी बिनसले आणि १९३८ साली तो घर सोडून गेला. (कशावरून बिनसले, ते आजी एक सांगे, आजोबा दुसरेच सांगत.) पुण्याच्या एका छापखान्यात तो खिळे जुळवायला शिकला आणि तिथून कोणाच्या तरी ओळखीने थेट कलकत्त्याला पोचला. अधूनमधून कार्ड येई. क्वचित दहा-पंधरा रुपयांची मनीऑर्डर. १९४३ च्या श्रावणानंतर काहीच आले नाही. मामाचे नाव इथे देत नाही. त्याच्या आडनावात एक ‘ळ’ होता, एवढे वाचकांनी लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

आईचे माहेर कृष्णाकाठचे वाळवा. आजी-आजोबा गेले, पुढे माझे वडील गेले, तेव्हा आई आमच्याकडे पुण्याला येण्याऐवजी उलट माहेरच्या त्या घरात जाऊन राहिली. घराची पश्चिमेकडची भिंत खचलेली, माळवदाला गळती. पण तिचे एकच म्हणणे : “दादा आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?” सातबाऱ्यावर मामाचे नाव तसेच होते. भाऊबंद समजावत, सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे कायदा धरून चालतो, कोर्टातून लिहून आणा आणि मोकळे व्हा. आई म्हणे, “कायद्याला कळलं असेल. मला कुणी सांगितलंय?”

भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आईही ओवाळी; पण त्याआधी ती अंगणात एक पाट मांडी, भोवती रांगोळी काढी, निरांजन लावून घटकाभर त्या रिकाम्या पाटासमोर उभी राही, आणि मग चंद्राकडे वळे. लहानपणापासून पाहत आल्यामुळे मला त्यात विशेष काही वाटत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझ्या बायकोने तो पाट पाहिला आणि तिला त्या रात्री जेवण गेले नाही. माझी कलकत्त्याची बदली ठरली तेव्हा घरात बाकी सगळे हळहळले. आईने मात्र फणेरपेटी उघडली, तळचे फडके सोडले आणि तीन कार्डे व मनीऑर्डरचे एक कुपन माझ्या हातावर ठेवले. बोलली काही नाही.

गाडीत रात्रभर मी तो ऐवज वाचत होतो. पहिले कार्ड १९४० चे. “इथे हिंदी छापखान्यात लागलो आहे. खिळ्यांच्या घरात सगळी अक्षरे आहेत, फक्त ळ नाही. त्यामुळे माझे स्वतःचे आडनाव मला जुळवता येत नाही.” दुसरे १९४१ च्या दिवाळीनंतरचे. भाऊबीज इथेही त्याच दिवशी असते, मालकांच्या मुलीने आपल्याला टिळा लावला, असा मजकूर. तिसरे जानेवारी १९४३ चे : “गेल्या महिन्यात जपान्यांनी बाँब टाकले. मेसमधले निम्मे लोक पळाले, आचारीही पळाला. मी आणि मालक आहोत. रात्री खिडकीतून ट्रामच्या तारेवर निळी ठिणगी दिसायची, ती आता काळोखामुळे फारच लख्ख दिसते.” मनीऑर्डरच्या कुपनावर दोनच ओळी : पंधरा रुपये पाठवतो आहे, तांदूळ इथे तीस रुपये मणाच्या वर गेला, तिकडे काय भाव? पाठवणाऱ्याचा पत्ता एकाही कार्डावर नव्हता. मामा कार्डाच्या कोपऱ्यात ‘कलकत्ता’ एवढेच लिही. जणू कलकत्ता म्हणजे वाळव्यातली एक आळी. तिसऱ्या कार्डावरचा टपालाचा शिक्का मात्र भिंगाखाली लागला : अँम्हर्स्ट स्ट्रीट.

मी हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरलो आणि दुसऱ्या दिवशी नकाशा विकत घेतला. नकाशात अँम्हर्स्ट स्ट्रीट नव्हता. पुढे कळले की तो राजा राममोहन सरणी झाला आहे. हॅरिसन रोडचा महात्मा गांधी रोड, कॉर्नवॉलिस स्ट्रीटचा विधान सरणी, क्लाइव्ह स्ट्रीटचा नेताजी सुभाष रोड, आणि थिएटर रोडचा शेक्सपिअर सरणी. नावे पालिकेने बदलली होती. ट्रामचा कंडक्टर जुनीच ओरडत होता. घरांच्या क्रमांकांची तऱ्हा तर आणखी निराळी. वाड्याच्या वाटण्या होत जातात तसे आकड्याला शेपूट फुटत जाते : सातचे सात-एक, त्याचे सात-एक-ब, आणि सात-एक-बच्या शेजारी एकोणीस. अशा शहरात पत्ता असूनही माणूस सापडत नाही. माझ्याजवळ तर पत्ताच नव्हता.

आणि वर मी मराठी. बंगालात मराठी माणसाला एक जुने नाव आहे : बर्गी. शब्द आपल्याच बारगिराचा. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. आमची मंडळी काही कलकत्त्यावर आली नाहीत, खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. पण पोरांना निजवताना बर्गी येईल म्हणून भीती घालण्याची चाल बंगाली आयांनी टिकवून धरली आहे. घरमालकिणीला मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर तिने नातवाला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगितले, आणि तो पोरगा महिनाभर माझ्या खोलीत फिरकला नाही.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक बंगाली गृहस्थ होते. निवृत्तीला आलेले, पानाचा षोक, आणि रहस्यकथांचे माझ्याहून मोठे वेडे. त्यांनी मला ब्योमकेशची ओळख करून दिली. आपल्याकडे ब्योमकेश बक्षी घरोघर ठाऊक झाला तो १९९३ साली दूरदर्शनवर बासु चटर्जींची मालिका लागली तेव्हा. त्याच्या आठ वर्षे आधी मी त्याला धर्मतल्याच्या ट्राममध्ये, पानाच्या तोबऱ्यातून ऐकला. धोतर नेसणारा, स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घ्यायला नाखूष असणारा हा तरुण. तो म्हणे, मी सत्यान्वेषी. पहिल्याच भेटीत तो खोटे नाव सांगून एका मेसमध्ये राहायला येतो, तिथे त्याला त्याचा अजित भेटतो, आणि मग दोघे हॅरिसन रोडवर बिऱ्हाड करतात. एके दिवशी या गृहस्थांनी मला खिजवले : “आमचा ब्योमकेश तुमच्या पुण्याला राहत होता, आणि तुम्हाला पत्ता नाही!” खोटे नव्हते. ब्योमकेशचे कर्ते शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. कलकत्त्याच्या गल्ल्यांतले किती खून त्यांनी पुण्यात बसून उलगडले! १९७० साली ते वारले तेव्हा ‘विशुपालवध’ ही कादंबरी अर्धीच राहिली. “जाल तेव्हा पुण्यात चौकशी करून या,” गृहस्थ म्हणाले, “खुनी कोण ते आम्हाला अजून कळलेलं नाही.”

मी त्यांना अजितबाबू म्हणू लागलो, आणि एका शनिवारी ती तीन कार्डे त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी कार्डे उलटसुलट पाहिली आणि मलाच विचारले, “तुमच्या भाषेत ब्योमकेश कसं लिहाल?” मी म्हटले, मुळात तो व्योमकेश, शंकराचे नाव. “झालं तर,” ते म्हणाले. “आमच्या लिपीत तुमचा व आणि ब एकच. ळ तर नाहीच. अ आम्ही ओ करतो. तुमच्या मामाचं नाव ह्या शहरात पाच वर्षं होतं, पण ते त्याचं नाव नव्हतं. तुम्ही नाव विचारत फिरलात तर जन्मात सापडणार नाही. जे आमच्या तोंडात बदलत नाही, असं काहीतरी विचारा.”

पुढचे तीन शनिवार मी अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात थॅकरच्या जुन्या डिरेक्टऱ्या चाळण्यात घालवले. भलेमोठे बांधीव ठोकळे. त्यांत ज्यूटचे दलाल आहेत, दारूचे आयातदार आहेत, मोठमोठे छापखानेही आहेत. एका खोलीत दोन ट्रेडल मशिने चालवणारा माणूस मात्र नाही. त्या दिवसांबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही; वाचनगृहाच्या खिडकीतून दिसणारी हिरवळ सुंदर होती.

माग लागला तो अनपेक्षित जागी. शहरातल्या मराठी मंडळींत मी येता-जाता चौकशी करीतच होतो. एक ऐंशी गाठलेले आजोबा भेटले. मामाचे नाव त्यांना आठवेना. पण बोलता बोलता ते हसू लागले. लढाईच्या आधी गणेशोत्सवाची हस्तपत्रके हिंदी छापखान्यात छापून घ्यावी लागत, आणि तिथे ळ नसल्यामुळे ‘सकाळी’ची ‘सकाली’ होई, ‘टिळकां’चे ‘टिलक’, आणि ‘बाळगोपाळ’ तर पाहवत नसत. “पण मधे दोन-तीन वर्षं,” ते म्हणाले, “अगदी झोकदार ळ यायचा हो! हॅरिसन रोडच्या बाजूला कुठंतरी छापायचे. पुढं दुष्काळ आला आणि पुन्हा आपलं सकाली.”

त्या रात्री मला झोप आली नाही. या शहरात कोणीतरी कुठून तरी ळ पैदा केला होता, आणि तो १९४३ नंतर बंद पडला होता.

अजितबाबूंनी नकाशावर शिसपेन्सिल टेकवली. शिक्का अँम्हर्स्ट स्ट्रीटचा. खिडकीतून ट्रामची तार दिसते. ट्राम धावते हॅरिसन रोडने. म्हणजे दोन रस्त्यांचा छेद, आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या. भाग छापखान्यांचाच. एका बाजूला कॉलेज स्ट्रीटचे पुस्तकवाले, मागे पुस्तके बांधणाऱ्यांची दप्तरीपाडा, पुढे कागदाचा बैठकखाना बाजार. हिंदी छपाई तर कलकत्त्यात जुनीच. हिंदीतले पहिले वृत्तपत्र ‘उदंत मार्तंड’ १८२६ साली निघाले ते याच शहरात. मराठी माणसेही तिथे नवी नव्हेत. ‘देशेर कथा’ लिहून बंगालात गाजलेले सखाराम गणेश देउस्कर आणि हिंदी पत्रसृष्टीतले बाबूराव विष्णु पराडकर हे मामा-भाचे कलकत्त्यात लेखणी झिजवून गेलेले. आमची मामा-भाच्याची जोडी त्यामानाने फारच मागाहून तिथे पोचली, आणि तीही एकमेकांना न भेटता.

आता आमचा प्रश्न ठरला होता. छापखान्यात शिरायचे आणि नाव-गाव न सांगता विचारायचे : “तुमच्या देवनागरीच्या खान्यात ळ आहे का?” लोक आधी कागदावर काढून दाखवा म्हणत. मी काढी. कोणी म्हणे, हा तर उलटा पडलेला आकडा. कोणी म्हणे, ही जिलबी आहे. सीताराम घोष स्ट्रीटजवळ एका बोळात एक शास्त्रीबुवांसारखे मालक निघाले. त्यांनी चष्मा वर केला, काही न बोलता एका घरात बोटे घातली आणि टेबलावर चार खिळे ठेवले. चारही ळ! माझे काळीज धडधडू लागले. पण हा छापखाना संस्कृत पोथ्यांचा. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे, तो जुळवायला त्यांना लागतो. मराठी माणूस त्यांनी कधी ठेवला नव्हता. आम्ही त्यांचा चहा प्यालो आणि बाहेर पडलो.

दुर्गापूजेला दहा-बारा दिवस उरले असतील. गल्लोगल्ली बांबूचे मांडव उभे राहत होते. एका अरुंद गल्लीत, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छोट्या छापखान्यात आम्ही शिरलो. मालक पन्नाशीचे, अंगात गंजीफ्रॉक, हाताला शाई. माझी जिलबी त्यांनी पाहिली आणि विचारले, “आपण बर्गी?”

त्या शब्दाचा मला त्या दिवशी मुळीच राग आला नाही.

त्यांनी भिंतीलगतची लाकडी केस ओढली. एका कोपऱ्यातल्या घरावर पांढऱ्या रंगात बंगाली अक्षरे होती, पुसट झालेली. अजितबाबूंनी वाचली : “बर्गीर घर.” आत धूळ, आणि धुळीत खिळे. अंदाजे वीस-पंचवीस. मी एक उचलला, अंगठ्याने पुसला. आपला निर्णयसागरी वळणाचा, पोटाशी दोन गोल गाठी मारलेला ळ. मामाने स्वतःच्या पैशाने मुंबईहून मागवला होता. मालक म्हणाले, “बाबा सांगायचे, ह्या खिळ्यांचं काम नाही, पण वितळवायचे नाहीत.” आणि मग जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “दिदी!”

दिदी पंचावन्न वर्षांच्या होत्या. अविवाहित, मुलींच्या शाळेत शिकवीत. १९४१ च्या कार्डातली टिळा लावणारी मुलगी ती हीच. मी कोण ते कळल्यावर त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. जिन्याच्या पायरीवरच बसल्या, आणि जे सांगितले ते जवळजवळ एका दमात.

दुष्काळाचे ते साल. खेड्यांतून माणसांचे लोंढे कलकत्त्याला आलेले. भातसुद्धा नव्हे, भाताची पेज मागत दारोदार फिरणारे. त्या दुष्काळातल्या मृतांचा आकडा सरकारी आयोगाने १९४५ साली पंधरा लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. दिदींना आकडा सांगायचा नव्हता. दाराशी रोज येणारी एक बाई एके दिवशी आली नाही आणि तिचे मूल एकटेच आले, ते त्या सांगत होत्या. गल्लीतल्या लोकांनी मिळून खिचडीचा लंगर घातला होता. बर्गीदा (त्या मामाला बर्गीदा म्हणत) सकाळी खिळे जुळवी आणि दुपारी खिचडी वाढी. त्याला पटकी झाली ती कालीपूजेच्या चार दिवस आधी. दीड दिवसात आटोपले. इथेच, मागच्या खोलीत. निमतला घाटावर दिदींच्या वडिलांनी अग्नी दिला.

“चार दिवसांनी भाईफोंटा होता,” दिदी म्हणाल्या. बंगाल्यांत बहीण भावाला डाव्या हाताच्या करंगळीने चंदनाचा टिळा लावते आणि यमाच्या दारात काटे पडोत अशा अर्थाचे काही म्हणते. भाऊ दूर असला तर टिळा भिंतीला लावतात. “मी चंदन उगाळून ठेवलं होतं. त्या चौकटीला लावलं. मग दर वर्षी लावते.” मी वळून पाहिले. छापखान्याच्या दाराच्या चौकटीवर, पोरीच्या हाताला पोचेल अशा उंचीवर, लाकूड बोटाएवढे पांढुरके पडले होते.

त्याची ट्रंक त्यांनी जपून ठेवली होती. ऑगस्ट १९४६ च्या दंगलीत घर सोडून काही महिने नातलगांकडे राहावे लागले, परत आले तेव्हा ट्रंक नव्हती. आणि मग त्या म्हणाल्या, “पण तुमच्याकडून उत्तर का नाही आलं? बाबांनी दोन कार्डं टाकली. एक परत आलं. पत्ता मीच लिहिला होता. घरात माझंच इंग्रजी अक्षर चांगलं होतं ना!” आणि तेरा वर्षांच्या हुशार मुलीच्या ऐटीत त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर सांगितले : बी, ए, एल, बी, ए. बालबा. जिल्हा सातारा.

अजितबाबूंनी माझ्याकडे पाहिले नाही. ते पानाचा डबा उघडू लागले.

रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणात हेर सर्वांना एका खोलीत जमवतो आणि एकाकडे बोट करतो. माझ्यासमोर सर्व मंडळी जमलेलीच होती. मी दिदींना म्हटले, “त्या साली आमच्या सातारा जिल्ह्यात पत्रीसरकार होतं. तारा तोडत, टपाल लुटत. वाळवा तर ऐन त्या धामधुमीत. कार्डं पोचली नसतील त्यात नवल नाही.” यातले एक अक्षरही खोटे नव्हते. १९४३ पासून तीन वर्षे आमच्या भागात इंग्रजांच्या टपालापेक्षा क्रांतिकारकांचा निरोप लवकर पोचे, असे जुनी माणसे अजून सांगतात. कार्डे कोणत्या कारणाने बुडाली हे आज कोण सांगणार? दिदींनी मान हलवली. “तुमच्याकडेही असं होतं तर,” म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी आमच्यासाठी नारळाचे नाडू आणले. बाहेर पडल्यावर अजितबाबू ट्रामच्या थांब्यापर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “ब्योमकेशही कधी कधी असंच करतो.”

दिवाळीला मी रजा काढून वाळव्याला गेलो. आईला स्वयंपाकघरात, ती चकल्या पाडत असताना सांगितले. तिने सोऱ्या खाली ठेवला नाही. घाणा पुरा तळला, कढई उतरवली, हात धुतले आणि विचारले, “तोंडात पाणी कुणी घातलं?” मी म्हटले, मालकांच्या बायकोने, गंगेचे. “बरं झालं,” ती म्हणाली. मी खिशातून चार खिळे काढून दिले. तिने एक उजेडाकडे धरला. “उलटा आहे की रे.” मी म्हटले, छापला की सुलटा होतो. ते चारही खिळे फणेरपेटीत, कार्डांच्या फडक्यात गेले.

त्या वर्षी भाऊबीजेला अंगणात पाट मांडला गेला नाही. आईने चंद्राला ओवाळले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. दुसऱ्या दिवशी खण, नारळ आणि डबाभर चकल्या दिदींसाठी बांधायला घेतल्या. चकल्यांचा कलकत्त्यापर्यंत भुगा होईल हे मी सांगून पाहिले. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून मी पुण्याचा घालणार होतो; गावाचे नाव त्या कागदावर नको, असे माझ्या मनात होते. आई म्हणाली, “पार्सल माझं आहे. माझंच गाव घाल.” तेव्हा मी इंग्रजीत, जमेल तितक्या बारीक अक्षरांत, वाळवा लिहिले.

सातबाऱ्यावरचे मामाचे नाव पुढच्या वर्षी कमी झाले. आता पुण्याला चल म्हटले तर आई म्हणाली, दिदीचे पत्र इथल्या पत्त्यावर यायचे आहे. पश्चिमेची भिंत मग मी नवी बांधून दिली.

दिदींचे कार्ड मार्गशीर्षात आले. मजकूर बंगाली, तो मी कलकत्त्याला परतलो असल्यामुळे आईने कार्ड जपून ठेवले आणि मी पुढच्या खेपेला वाचून दाखवले. खण आवडला, चकल्यांचा भुगा मुरमुऱ्यांत घालून खाल्ला, तुम्हाला मी दिदी म्हणू की तुम्ही मला, असे विचारले होते. दुसरे काही नव्हते. पत्ता इंग्रजीत, शाळामास्तरणीच्या सुरेख हाताचा. त्यात गावाच्या नावाचे पहिले अक्षर एकदा लिहून खोडले होते आणि शेजारी नवे, ठळक काढले होते. खाली पिनकोड होता. कार्ड आठव्या दिवशी पोचले होते.